रांगेतली शेवटची बाई

४ नोव्हेंबर

ताई,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहायला बसले आहे. आधीच धरून चाललं की मग वाईट वाटत नाही. वाटतं, पण कमी.

मला काम मिळालं. म्हणजे स्टुडिओतलं काम होतंच. दिवसभर लोकांना 'हनुवटी खाली, खांदे सरळ, हसू नका' म्हणायचं आणि संध्याकाळी त्यांचे गंभीर चेहरे कात्रीने कापायचे. हे त्यातलं नाही. मळ्यावर पाहुणे येणार आहेत आणि त्या भेटीचे फोटो मी काढायचे आहेत. स्टुडिओवाले काका म्हणाले, "घरातली पहिली पदवीधर तू. जा, गोठ्याचे फोटो काढ. एवढं शिकून शेवटी गोठ्यातच!" मग स्वतःच खो खो हसले आणि तिपाई माझ्या खांद्यावर दिली.

हो, आपलाच मळा. तू गेलीस तेव्हा संग्रहालयाची नुसती सुरुवात होती. आता मोठ्या घराला तिकीट आहे. नांगर, गाड्या, वजनकाटे, सगळ्यांना पाट्या लागल्या आहेत. दुधाच्या खोलीत दोरी बांधली आहे. लोक दोरीच्या अलीकडे, आई पलीकडे. वर लिहिलं आहे, 'शंभर वर्षांपूर्वीचं दुग्धालय', आणि खाली आई लोणी काढत असते. परवा एका बाईने मला विचारलं, "ह्या खऱ्या आहेत का?" मी म्हटलं, "माझी आई आहे." त्या "अय्या!" म्हणाल्या आणि फोटो काढून गेल्या.

येणार आहेत त्या मालकांच्या नात. आता स्वतःच म्हाताऱ्या झाल्या आहेत. मोठं घर त्यांनीच संग्रहालयाच्या संस्थेला दिलं. दिवाणखान्यात एक जुना फोटो टांगला आहे, तू पाहिलाच असशील: पुढे खुर्च्यांवर मालक-मालकीण, मालकिणीच्या मांडीवर फ्रॉक घातलेली लहान मुलगी, आणि मागे मोठ्या झाडापासून विहिरीपर्यंत कामकऱ्यांची रांग. ती फ्रॉकवाली म्हणजे ह्या बाई. त्यांना तोच फोटो पुन्हा हवा आहे. तीच जागा, तीच रांग आणि कॅमेरासुद्धा तोच, काचेच्या कपाटात ठेवलेला लाकडी. काकांनी तो उघडून पुसला, भिंगामागचा घड्यांचा भाता तपासला आणि काचेऐवजी फिल्म बसेल अशी सोय केली. खटका नाही त्याला. भिंगावरचं झाकण हाताने काढायचं, मनात मोजायचं, परत लावायचं. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही.

आता मुद्द्याचं. व्यवस्थापकांनी रांगेत शेवटी आईला उभं करायचं ठरवलं आहे. हातात बादली, जाडेभरडे कपडे, डोक्याला फडकं. आणि अनवाणी. कारण जुन्या फोटोत कामकरी सगळे अनवाणी आहेत.

तू चिडायच्या आत सांगते, मी हे होऊ देणार नाही. त्या दिवशी पाहुण्यांसमोर तू बादली आपटून म्हणालीस ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय: "आई, ज्या दिवशी तू ह्या लोकांच्या अंगणात अनवाणी उभं राहायचं बंद करशील, त्या दिवशी मला बोलाव." मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. काही बोलले नाही. आता बोलू शकते.

बघते काय करायचं ते.

तुझी शेंडी


९ नोव्हेंबर

ताई,

स्वस्थ बसवत नाहीये म्हणून पुन्हा लिहिते.

व्यवस्थापकांशी भांडून आले. म्हणजे मी भांडले, ते फाइल चाळत होते. मी म्हटलं, माणूस म्हणजे नांगर नव्हे, पाटी लावून उभा करायला. म्हटलं, इतक्या वर्षांत एवढी तरी प्रगती दिसू दे की कामकऱ्यांच्या पायात काहीतरी आहे. ते म्हणाले, "बाई, विजेच्या तारा दिसणार नाहीत एवढं बघा. पायांचं मी बघतो." त्यांना तारांचीच धास्ती. जुन्या फोटोत तारा नाहीत म्हणून आता कॅमेरा कुठल्या बाजूला वळवायचा त्याचा नकाशा काढून दिला आहे मला.

आईशीही बोलले. तिला काही वाटतच नाही, ताई! मी एवढं तळमळून सांगतेय आणि ती विचारते, "हललं की फोटोत लगेच कळतं का गं?"

"कळतं. पुसलं जातं."

"श्वास घेतला तर?"

"श्वास घे गं, त्याने काही होत नाही. पण तू उभीच कशाला राहतेस?"

मग संध्याकाळी बघते तर खोलीच्या मध्यावर भरलेली बादली हातात घेऊन उभी. नुसती उभी. गोठ्यातली भोंगा मावशी दारातून डोकावली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "काय गं, पुतळा झालीस का?" आई ओठसुद्धा न हलवता म्हणाली, "मोजतेय." दोघी मग पोट धरून हसल्या. मला हसू येईना. एवढी हौस कशाची? लोकांनी बघावं याची?

तेवढ्यात कोपऱ्यावर बस थांबल्याचा आवाज आला आणि तिने मान वळवली. बादलीतलं पाणी पायावर सांडलं. "हललीस!" मावशी ओरडली. आई बस आली की बघते. सवय आहे, दुसरं काही नाही.

मला एक युक्ती सुचली आहे. चांगली नाही, पण दुसरी दिसत नाही.

शेंडी


१७ नोव्हेंबर

ताई,

झालं! आई रांगेत उभी राहिली नाही. तुझ्या बहिणीने करून दाखवलं.

ऐक. काका म्हणाले होते, ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांच्या जागी काळी भोकं दिसतात, तेव्हा रांगेचा फोटो सकाळीच उरकून घे. सगळ्यांना सकाळची वेळ सांगितली. आईला मी म्हटलं, दुपारी जेवणं झाल्यावर. तिला फोटोतलं काय कळतं? मी सांगेन ती वेळ.

पाहुण्याबाई छान निघाल्या, हे मला आवडलं नाही. म्हणजे मी भांडायच्या तयारीत गेले होते आणि त्या म्हणाल्या, "तू फोटो काढणार? वा! मला तर ह्यातलं काहीच ओळखू येत नाहीये, गाईंचा वास सोडून." काठी टेकत सगळीकडे फिरल्या. घरात पायरीवर, कोठारात, विहिरीच्या कट्ट्यावर मी त्यांचे फोटो काढले. विहिरीत डोकावून म्हणाल्या, "इथे माझी बाहुली पडली होती." व्यवस्थापक लगेच म्हणाले, "पाटी लावू." बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

मग रांग. काळ्या कापडाखाली डोकं घातलं तर सगळे उलटे. पाय वर, डोकी खाली, झाड आभाळातून लोंबतंय. एकदम बरं वाटलं मला. मालक खाली आणि कामकरी वर, असं काहीतरी मोठं मनात आलं होतं, पण तसं नव्हतं, सगळेच सारखे उलटे होते. शेवटच्या जागी व्यवस्थापकांनी कचेरीतल्या टायपिस्टला उभं केलं. तिला हसू आवरेना. "अगं दगड कसले बोचतायत इथे!" असं म्हणत एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी म्हटलं, "हलू नका." झाकण काढलं, मोजलं, लावलं. दोनदा.

फोटो उत्तम आले आहेत. तारा नाहीत. टायपिस्टचे दात दिसतायत, पण व्यवस्थापक म्हणाले, चालतील.

ताई, आता तरी ये. तुझी अट पुरी झाली. मी ती पुरी केली. आई बरी आहे.

शेंडी

ता.क. सगळं लिहायचं तर हेही लिहायला हवं. दुपारी आम्ही खुर्च्या मिटत होतो तेव्हा आई अंगणात आली. केस धुतलेले, डोक्याला पांढरं फडकं आजकाल कुणी बांधत नाही तसं मागे गाठ मारून बांधलेलं, आणि हातात बादली. "झालं?" एवढंच म्हणाली. टायपिस्ट म्हणाली, "अहो, सकाळीच नव्हतं का ठरलं?" आईने माझ्याकडे एकदा बघितलं. मग गेली. बादली भरलेली होती. विहिरीपासून दुधाच्या खोलीपर्यंत दगडांवर पाण्याचा ओघळ उमटला होता. फोटोसाठी बादली भरून कशाला आणायची, रिकामी असली तरी कुणाला कळणार होतं?


२५ नोव्हेंबर

ताई,

पार्सल मिळालं. पत्ता तुझ्या अक्षरात बघून मी उभी राहूनच दोरी सोडायला लागले, आईने हातातून काढून घेतलं. गाठ सोडवायला किती वेळ लावला! दोरी तोडू देईना. आत चपला. नुसत्या चपला, चिठ्ठी नाही. मी कागद झटकून बघितला, डबा उलटा केला, तळव्याखाली चाचपलं. एक ओळसुद्धा नाही. ही काय तऱ्हा झाली? मी एवढी पानं लिहायची आणि तू चपला पाठवायच्या?

पण माप बरोबर आहे. आईने घालून दोन पावलं टाकली, काढल्या, पुसल्या आणि फळीवर ठेवल्या. कामावर जाताना घालते, दोरीच्या आत शिरताना काढते. मी म्हटलं, आत पण घाल की. तिने त्या दाराशीच काढून ठेवल्या.

आई बरी आहे असं मी मागे लिहिलं. बरीच आहे. खाते, काम करते. माझ्याशी बोलत नाही एवढंच. अगदीच काही सांगायचं असलं तर भोंगा मावशीमार्फत. म्हणजे आम्ही दोघी एकाच खोलीत, मावशी दारात, आणि आई मावशीला म्हणते, "तिला सांग, जेवण झाकून ठेवलंय." मावशी गावभर ऐकू जाईल असं मला सांगते, "जेवण झाकून ठेवलंय!" मी म्हणते, "ऐकलं." मावशी आईला म्हणते, "ऐकलं म्हणे!" काल मावशी वैतागली. "मला दोघींनी मिळून पगार द्या," म्हणाली. आई हसली, पण मावशीकडे बघून.

मला कळत नाही माझं काय चुकलं. मी तिचा मान राखला. तिला कुणासमोर उभं राहावं लागलं नाही. हेच तर तू म्हणत होतीस ना? मग मला झोप का लागत नाही? उठते, कॅमेरा पुसते, परत आडवी होते.

स्टुडिओत मन रमवायला काम घेतलं आहे. पाहुण्याबाईंना जुन्या फोटोची मोठी प्रत हवी आहे, नव्या फोटोशेजारी लावायला. मूळ काच, म्हणजे त्या फोटोची निगेटिव्ह, संस्थेने आणून दिली. आज पहिल्यांदा तो फोटो मी टेबलाएवढा मोठा करून पाहिला. औषधाच्या पाण्यात रांग हळूहळू वर आली. मालक, मालकीण, फ्रॉक, गडी, बाया, एकेकाच्या कपाळावरची आठी दिसावी इतकं स्वच्छ. आणि शेवटची बादलीवाली बाई... तिला चेहराच नाही. पाय आहेत, अंगठासुद्धा दिसतो. बादली आहे. मानेच्या वर मात्र पांढरट धूर.

मी काकांना म्हटलं, काच खराब झाली आहे इथे. काकांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. "काचेला धाड भरली नाहीये. बाई हलली."

काचेसोबत संस्थेची चिठ्ठी आहे, डावीकडून सगळ्यांची नावं. शेवटच्या जागी लिहिलंय, 'ओळख नाही'.

मला आई आठवली. हललं की कळतं का गं?

उद्या तो कागद घरी नेणार आहे.

शेंडी


२८ नोव्हेंबर

ताई,

तुला माहीत होतं.

मी हे वाक्य परवापासून मनात वेगवेगळ्या प्रकारे लिहून बघतेय, रागाने, नुसतं, प्रश्न म्हणून. कुठल्याही प्रकारे लिहिलं तरी तेच.

आई दुधाचा कॅन विसळत होती. मी कागद तिच्यासमोर धरला, ओल्या हातांना लागू नये असा लांब. विचारलं, "ही कोण आहे?"

तिने मावशीला शोधायला दाराकडे बघितलं. मावशी नव्हती. मग म्हणाली, "आई."

"कुणाची?"

"माझी. आणखी कुणाची?"

ती कॅन विसळतच राहिली. पाणी ओतलं, हात घातला, फिरवला. मग पाठमोरीच बोलायला लागली. "सगळ्यांना दम दिला होता, हलायचं नाही. नाही हललं कुणी. झाडाखाली वेताच्या पाटीत पोर ठेवलं होतं, ते रडलं. तिनं वळून बघितलं."

"कुठलं पोर?"

"मी."

ताई, मी आजपर्यंत त्या फोटोत मालक बघत होते. खुर्च्या बघत होते. झाडाखाली एक पाटी आहे, तिच्यावर फडकं आहे, ते मी बघितलंच नव्हतं. आईने बोट न लावता दाखवलं.

"तिला बोलले असतील मग," मी म्हटलं.

"बोलले की. फोटो नासवला म्हणून. दुसरी काच नव्हती." मग कॅनमधलं पाणी ओतून, "ती गेली तेव्हा मी एवढीशी. चेहरा आठवत नाही मला. जगात तिचा एकच फोटो आणि त्यात ती अशी. पण जुनी माणसं म्हणायची, तू हुबेहूब तिच्यासारखी. नाक, हनुवटी, सगळं. म्हटलं, तिथंच उभं राहावं, तसंच फडकं बांधावं, आणि अजिबात हलायचं नाही. मग बघितलं असतं, कशी दिसत होती ती. भरलेली बादली धरली की माणूस हलत नाही, म्हणून भरून आणली होती."

मी म्हटलं, "पण अनवाणी कशाला, आई?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अजून पहिलीत आहे. "ती अनवाणी होती. मी काय बूट घालून उभी राहू तिच्या जागी?"

व्यवस्थापकांनी तिला उभं केलंच नव्हतं, ताई. आज मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आम्ही तिला पुढे बसवणार होतो, खुर्चीशेजारी, सगळ्यांत जुनी म्हणून. ती जागा तिनेच मागून घेतली. म्हणाली, ती माझी आहे." एवढी वर्षं त्या मोठ्या घरात कुणाकडे काही मागितलं नाही तिने. मागितली ती एक जागा, आणि मी तिथे टायपिस्टला उभं केलं.

मी आईला विचारलं, मला कधी सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "तुझ्या ताईला सांगितलं होतं. तू लहान होतीस." कॅन पालथा घातला. "मग तू शिकायला लागलीस."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही. तेच तर वाईट आहे.

आता मला तुझ्याशी भांडायचं आहे. बादली आपटलीस त्या दिवशी तुला हे माहीत होतं. तरी अनवाणी पायांची अट घालून गेलीस. का? तुला वाटलं असेल, आजी उभी राहिली, आई उभी राहते, आता मला नको. ते मला कळतं. खरंच कळतं. तू सातवीत शाळा सोडून त्या दुधाच्या खोलीत गेलीस तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं. पण मला तुझं वाक्य तेवढं मिळालं, बाकीचं कुणी दिलं नाही. मी ते घेऊन आईवर चाल करून गेले. तिच्यासाठी नाही, तुला परत आणायला.

हे पत्र फाडावंसं वाटतंय. त्याआधी पेटीत टाकते.


१२ डिसेंबर

ताई,

मी व्यवस्थापकांकडे पुन्हा गेले. ह्या वेळी भाषण केलं नाही. जुना कॅमेरा एका दुपारपुरता द्या म्हटलं. ते म्हणाले, "पाहुणे गेले, भेट संपली, आता कशाला?" मी मोठा केलेला फोटो आणि ती नावांची चिठ्ठी त्यांच्या फाइलवर ठेवली आणि शेवटच्या बाईचं नाव सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढून 'ओळख नाही' खोडलं आणि नाव लिहिलं. मग कपाटाची किल्ली काढली. "फुटला तर कॅमेरा नाही, मी फुटेन," म्हणाले. आणि जाता जाता, "तारा..." मी म्हटलं, "तारा येतील ह्या वेळी." त्यांनी डोळे मिटले, पण नाही म्हणाले नाहीत.

मला वाटलं होतं आई आणि मीच असू. पण भोंगा मावशीला सांगितलं की ते अख्ख्या मळ्याला सांगितल्यासारखंच. धारा झाल्यावर गोठ्यातल्या सगळ्या आल्या, माळी आले, पहारेकरी आला. टायपिस्ट आली आणि आईसमोर घुटमळली. म्हणाली, "मावशी, मला ठाऊक नव्हतं हो." आई म्हणाली, "जा, खुर्चीत बस. मालकीण कुणीतरी व्हायला पाहिजे." मग टायपिस्ट खुर्चीत बसली. मावशी मागून ओरडली, "मालकीणबाई, उद्या रजा द्या!" टायपिस्ट म्हणाली, "कारण लेखी द्या." सगळे खिदळत होते. मला भीती वाटत होती, ह्यातलं कोणी स्थिर उभं राहील का.

आभाळ भरून आलेलं होतं. काकांनी बजावलं होतं की असा उजेड असेल तर झाकण बराच वेळ उघडं ठेव. दोन फिल्म दिल्या होत्या.

आई तू पाठवलेल्या चपला घालून आली. रांगेपर्यंत घालून आली. मग झाडाखाली थांबली, चपला काढल्या, जोडीने लावून ठेवल्या आणि आपल्या जागी गेली. कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. तुझ्यापासून लपवायचं असतं तर हे वाक्य गाळता आलं असतं, पण फोटोत दिसेलच.

मी कापडाखाली गेले. आई उलटी, शेवटी, बादली वर उचलल्यासारखी. फडकं, नाक, हनुवटी. इतका वेळ मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं, ताई. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर ती बोटाएवढी दिसते. मी तिचं कपाळ, मग डोळे, मग पुन्हा कपाळ असं करत भिंग मागेपुढे केलं, नेमकं होईपर्यंत.

"हलायचं नाही," मी म्हटलं.

"बाई, श्वास?" पहारेकऱ्याने विचारलं.

"श्वास घ्या," आईच म्हणाली. "त्याने काही होत नाही."

मी झाकण काढलं. सगळं अंगण गप्प झालं. मावशीसुद्धा. कुठेतरी साखळी वाजली, गाय असेल. मी मनात मोजत होते. आई दगडासारखी उभी होती, खरंच. बादलीतलं पाणीसुद्धा हललं नाही.

आणि कोपऱ्यावर बस थांबली.

मला वाटलं तिला ऐकूच आलं नसेल, कारण खांदे तसेच होते, हात तसाच. फक्त मान वळली. हळूहळू, फाटकाकडे. बाकी एकानेही नजर हलवली नाही. मी झाकण लावू शकले असते. हातातच होतं. लावलं नाही. दार आपटल्याचा आवाज आला, बस निघाली, वळून गेली. तिथून कुणी आत आलं नाही. मग आईने मान सरळ केली आणि मी झाकण लावलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

फिल्म धुताना काका माझ्या खांद्यावरून बघत होते. "वाया गेली की गं! सगळे ठीक, तीच नेमकी हलली. पदवी घेतलीस आणि एवढं कळलं नाही, हलली की लगेच थांबवायचं?" मी म्हटलं, कळलं होतं. मग त्यांनी जुनी प्रत शेजारी धरली. दिवा लावायच्या आधी फक्त म्हणाले, "नीट धू. घाई करू नकोस."

घरी नेऊन आईसमोर ठेवला. तिने फोटो खिडकीजवळ नेला. रांग बघितली. मावशीचं पोट बघून हसली. मग शेवटी आली. बघत राहिली. मी म्हणणार होते की माझंच चुकलं, मी पुन्हा काढते. ती म्हणाली, "अगं, अगदी तिच्यासारखी आले की!"

आणि हसली, ताई. माझ्याकडे बघून. मावशी दारात नव्हती.

प्रत सोबत पाठवते आहे. दुमडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घातला आहे. आईचा चेहरा शोधू नकोस, तो नाही. पाय आहेत. बादली आहे. वर तारा आहेत. आणि झाडाखाली, त्या फोटोत पाटी होती तिथेच, तुझ्या चपला आहेत. त्या मात्र हलल्या नाहीत, पट्ट्यावरची शिवणसुद्धा मोजता येते.

एक फिल्म उरली आहे. काका म्हणतात, एवढी माणसं गोळा केलीस तशी पुन्हा कर आणि आईचा नीट फोटो घे, म्हणजे तिला तिच्या आईचा चेहरा बघायला मिळेल. मी आईला विचारलं. ती फळीवर चपला ठेवत होती.

"नको," ती म्हणाली. "मी परत हलेन."

फिल्म मी ठेवून दिली आहे. तुला काही करायला सांगत नाही. नुसतं कळवते, दुपारची बस येऊन गेल्यावरही अंगणात बराच वेळ उजेड असतो.

शेंडी